कॉलेजच्या बास्केटबॉलपटूची निवड करताना शारीरिक क्षमतेला किती महत्त्व द्यावे?

12 मार्च 2011 रोजी लॉस एंजेलिसमध्ये वॉशिंग्टन आणि अ‍ॅरिझोना या दोन विद्यापीठांमध्ये पॅक-10 या विद्यापीठ-गटाच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. जादा वेळेची शेवटची काही सेकंदे उरली असताना वॉशिंग्टनच्या आयझेया थॉमसने बास्केटच्या दिशेने मुसंडी मारल्याचे भासवले, एकदम पाय रोवले, एक पाऊल मागे घेतले आणि उडी मारून चेंडू टाकला. भोंगा वाजताना चेंडू जाळीतून खाली आला आणि वॉशिंग्टनने सामना 77-75 असा जिंकला. थॉमसची नोंदलेली उंची 5 फूट 9 इंच होती. समोरच्या अ‍ॅरिझोना संघाचा आधारस्तंभ होता डेरिक विल्यम्स. उंची 6 फूट 8 इंच, रुंद खांदे, धावत येऊन डंक मारण्यात, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये घालण्यात, पटाईत. साडेतीन महिन्यांनी, 23 जून रोजी न्यूअर्क येथे एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) झाला, तेव्हा विल्यम्सची निवड दुसऱ्या क्रमांकावर झाली आणि थॉमसची साठाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर.

या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते बव्हंशी शरीराचे अंतर आहे. पुढे जे घडले त्याने ते अंतर पुष्कळसे खोटे ठरवले, परंतु पूर्णपणे नव्हे, आणि या ‘पूर्णपणे नव्हे’ मध्येच या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. म्हणून हा प्रश्न समजावताना मी मुख्यतः 2011 च्याच ड्राफ्टचा आधार घेणार आहे. एकाच रात्री निवडलेल्या खेळाडूंमध्ये या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू इतक्या स्पष्टपणे क्वचितच सापडतात.

ज्यांना ही पद्धत परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. एनबीएमध्ये 30 संघ आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात हे संघ दोन फेऱ्यांमध्ये नवे खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात जे संघ तळाशी राहिले त्यांना सोडतीच्या मार्गाने आधी निवडण्याची संधी मिळते. बहुतेक खेळाडू अमेरिकेतील विद्यापीठांमधून येतात. 2006 पासून किमान वय 19 ठरवण्यात आल्यामुळे अनेक गुणी मुले कॉलेजात एकच वर्ष खेळून ड्राफ्टला उभी राहतात. साहजिकच निवड करणाऱ्यांच्या हाती तीस-पस्तीस सामन्यांचा पुरावा असतो आणि त्यावरून त्यांना पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधायचा असतो. अशा वेळी शरीर हा सर्वांत भरवशाचा पुरावा वाटू लागतो, कारण ते मोजता येते.

हे मोजमाप मे महिन्यात शिकागोत होणाऱ्या चाचणी शिबिरात केले जाते. तेथे अनवाणी उंची, वजन, दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधले अंतर म्हणजे विंगस्पॅन, हात वर करून उभे राहिल्यावरची पोच आणि तळहाताची लांबी-रुंदी मोजतात. मग जागच्या जागी मारलेली उडी, धावत येऊन मारलेली उडी, बास्केटसमोरच्या पट्ट्याभोवती पुढे-मागे आणि आडवे पळण्याची वेळ, आणि मैदानाचा तीनचतुर्थांश भाग, म्हणजे 75 फूट, धावण्याची वेळ यांची नोंद होते. या सगळ्याला मिळून इंग्रजीत जो ‘अ‍ॅथलेटिसिझम’ हा एकच शब्द वापरतात, तो मला गोंधळाचे मूळ वाटतो. त्या एका शब्दात किमान पाच-सहा वेगवेगळे गुण कोंबलेले आहेत, आणि एखाद्या खेळाडूत त्यातला एक भरपूर असून दुसरा अजिबात नसणे ही नेहमीची गोष्ट आहे.

पहिला फरक करायला हवा तो शरीराचे माप आणि शरीराची हालचाल यांच्यात. साधारण माणसाचा विंगस्पॅन जवळजवळ त्याच्या उंचीइतका असतो. एनबीएतील खेळाडूंचा तो सरासरीने पाच-सहा टक्क्यांनी जास्त भरतो. हात लांब असले की एक पाऊल उशीर झाला तरी चेंडूला बोट लावता येते, पास तोडता येतो, आणि स्वतः नेम धरताना समोरच्याच्या हातावरून चेंडू सोडता येतो. म्हणजेच लांब हात हे वेगाची आणि उडीची उणीव काही प्रमाणात भरून काढतात. 2011 मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेलेला सॅन डिएगो स्टेटचा काव्हाय लेनर्ड याचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. उडीच्या तक्त्यात त्याचे नाव वरच्या ओळींत नव्हते, परंतु 6 फूट 7 इंच उंचीच्या या मुलाचा विंगस्पॅन 7 फूट 3 इंच होता आणि त्याचा पसरलेला तळहात सव्वाअकरा इंच रुंद होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा संघातला सर्वांत उंच खेळाडू, नसूनही तो सामन्यागणिक दहाहून अधिक रिबाउंड घेत होता, म्हणजे हुकलेल्या नेमाचे चेंडू पकडत होता. पुढे 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षे तो एनबीएतील सर्वोत्तम बचावपटू ठरला, तो या हातांच्या आणि त्यांना दिशा देणाऱ्या नजरेच्या बळावर.

उडी हा चाचणीतला सर्वांत नेत्रदीपक आणि सर्वांत फसवा आकडा आहे. 2001 मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या केनी ग्रेगरीने धावत येऊन साडेपंचेचाळीस इंचांची उडी मारली. हा विक्रम 20 वर्षे टिकला, पण त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये ग्रेगरीला कोणीही निवडले नाही. हा विक्रम 2021 मध्ये टेनेसीच्या कीऑन जॉन्सनने 48 इंचांची उडी मारून मोडला. त्याची निवड एकविसाव्या क्रमांकावर झाली आणि त्यानंतर एनबीएत पक्की जागा मिळवण्यासाठी त्याला संघामागून संघ बदलावे लागले. चाचणीतली उडी मोकळ्या जागेत, हव्या त्या क्षणी, हवी तेवढी धाव घेऊन मारलेली असते. सामन्यात मात्र खेळाडूला बहुतेक वेळा गर्दीत, अंगावर कोणीतरी रेललेले असताना, दीड पावलाच्या जागेतून आणि स्वतः न निवडलेल्या क्षणी उडी घ्यावी लागते. बास्केटखाली तर पहिली उडी किती उंच गेली यापेक्षा खाली आल्यावर दुसरी उडी किती लवकर मारली याला जास्त किंमत आहे, आणि शिकागोतील उडीच्या आकड्यात ती दिसत नाही.

ताकदीचेही असेच आहे. 2007 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या केव्हिन ड्युरंटला 185 पौंडांची, म्हणजे सुमारे 84 किलोची सळई छातीवरून एकदाही उचलता आली नाही. या गोष्टीची त्या वेळी खूप चर्चा झाली. परंतु तोच ड्युरंट कॉलेजच्या पहिल्याच वर्षी सरासरी 25.8 गुण आणि 11.1 रिबाउंड मिळवून देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. सिअ‍ॅटलने सळईकडे दुर्लक्ष करून त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले आणि 2014 मध्ये तो संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. बास्केटबॉलमध्ये लागणारी ताकद मुख्यतः मांड्या, कंबर आणि पोट यांची असते. धक्का बसल्यावर तोल न जाणे आणि नेम न हलणे हे तिचे काम. शिवाय एकोणीस वर्षांच्या मुलाची ताकद वाढवता येते. त्याच्या हाताची लांबी वाढवता येत नाही.

आता ज्या गुणाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जात होते त्याविषयी. खो-खो पाहणाऱ्या मराठी वाचकाला तो चटकन कळेल. खो-खोतील उत्तम संरक्षक हा सरळ रेषेत सर्वांत वेगाने धावणारा असतोच असे नाही. तो ऐन क्षणी थांबतो, हुलकावणी देतो, उलट वळतो, आणि पाठलाग करणारा स्वतःच्याच वेगाने पुढे निघून जातो. बास्केटबॉलमध्येही वेग घेण्याइतकेच वेग मारणे महत्त्वाचे आहे. अ‍ॅरिझोना स्टेटचा जेम्स हार्डन 2009 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याची उडी किंवा धाव पाहून कोणी थक्क होत नसे. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे खेळाडूंच्या हालचालींचे सूक्ष्म मापन करणारी पी-थ्री नावाची प्रयोगशाळा आहे. तेथील तज्ज्ञांनी हार्डनच्या थांबण्याच्या असाधारण क्षमतेकडे लक्ष वेधले. पूर्ण वेगात असताना तो एका पावलात उभा राहू शकतो आणि समोरच्या बचावपटूला तसे थांबता येत नाही. त्या अर्ध्या सेकंदात मिळालेल्या जागेतून तो नेम साधतो. थॉमसने 2011 मध्ये लॉस एंजेलिसला जो विजयी चेंडू टाकला त्यातही हेच होते. म्हणून ‘हा खेळाडू अ‍ॅथलेटिक नाही’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्याच्याकडे असलेला शारीरिक गुण आपण मोजलेला नाही.

हे सारे मान्य केल्यावर, शारीरिक क्षमता गौण आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे शारीरिक क्षमता हा एक उंबरठा आहे. त्या उंबरठ्याच्या खाली असलेल्या खेळाडूचे कसब कितीही मोठे असले तरी ते वापरण्याची संधीच त्याला मिळत नाही. उंबरठा ओलांडल्यानंतर मात्र आणखी दोन इंच उडीने पडणारा फरक कमी-कमी होत जातो आणि कसब, समज, नेमबाजी यांचे पारडे जड होत जाते.

उंबरठ्याखाली राहणे म्हणजे काय, हे 2011 मध्येच दहाव्या क्रमांकावर निवडलेल्या जिमर फ्रेडेटच्या बाबतीत दिसले. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा हा गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन बाहेरून खेळणारा खेळाडू, त्या हंगामात सरासरी 28.9 गुण करून देशात पहिला आला होता आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून गौरवला गेला होता. त्याची नेमबाजी अस्सल होती; याबद्दल तेव्हाही कोणाला शंका नव्हती आणि आजही नाही. तीन संघांच्या अदलाबदलीतून तो सॅक्रामेंटो किंग्जकडे आला. त्याच किंग्जनी त्याच रात्री साठाव्या क्रमांकावर आयझेया थॉमसला घेतले होते. एकाच संघात, एकाच जागेसाठी, पहिल्याच हंगामात दोघांची प्रत्यक्ष तुलना झाली आणि संघाच्या सुरुवातीच्या पाचांत जागा मिळवली ती थॉमसने. फ्रेडेट उंचीने पाच इंच जास्त होता, पण पहिल्या पावलात समोरच्याला मागे टाकणे त्याला जमत नव्हते. कॉलेजमध्ये त्याला नेम धरायला जेवढी जागा मिळत असे तेवढी एनबीएत मिळेना, आणि बचावात वेगवान गार्डसमोर टिकून राहणेही कठीण जाऊ लागले. 2014 च्या सुरुवातीला किंग्जनी त्याला मोकळे केले. पुढे तो चीनच्या लीगमध्ये शांघायकडून खेळला आणि 2017 मध्ये एका सामन्यात त्याने 73 गुण केले. कसब तेच होते. समोरच्या बचावपटूंचे शरीर बदलले की त्या कसबाची किंमत बदलत होती.

कॉलेज आणि एनबीए यांमध्ये ही किंमत इतकी का बदलते, हे समजून घेतले नाही तर निवड करणारा हमखास चुकतो. अमेरिकेतील वरच्या श्रेणीत साडेतीनशेच्या आसपास कॉलेज संघ आहेत आणि त्यातले बहुसंख्य खेळाडू कधीच व्यावसायिक होणार नसतात. त्यामुळे एखादा धिप्पाड आणि चपळ मुलगा केवळ शरीराच्या जोरावर वीस गुण मिळवू शकतो: प्रतिस्पर्ध्याचा चेंडू निसटला की धावत जाऊन डंक, चुकलेला नेम वरून उचलून पुन्हा आत, अंगावर आलेल्या लहानखुऱ्या खेळाडूला रेटून दोन गुण. एनबीएत समोरचा प्रत्येक जण तितकाच धिप्पाड असतो आणि हे फुकटचे गुण आटतात. पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे. एनबीएत बचावपटूला कोणाला अडवत नसताना बास्केटसमोरच्या पट्ट्यात सलग 3 सेकंदांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही. कॉलेजमध्ये हे बंधन नाही. शिवाय जिच्या बाहेरून साधलेल्या नेमाला तीन गुण मिळतात ती रेषा एनबीएत दूर असल्यामुळे बचाव पसरतो. परिणामी कॉलेजच्या दाटीत ज्याची चपळाई दबून गेली होती अशा खेळाडूला एनबीएच्या मोकळ्या जागेत पंख फुटतात. यूसीएलएचा रसेल वेस्टब्रुक 2008 मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा तो मुख्यतः बचावासाठी ओळखला जात होता. 2017 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. त्याच्या बाबतीत शरीरावर लावलेली पैज खरी ठरली, हे नमूद केलेच पाहिजे.

डेरिक विल्यम्सच्या बाबतीत ती खरी ठरली नाही आणि त्यामागची दोन कारणे सविस्तर पाहण्यासारखी आहेत. पहिले कारण असे की उंबरठा सर्वांसाठी एकच नसतो. तो जागेनुसार बदलतो. विल्यम्सची उडी आणि ताकद उत्तम होती, पण एनबीएतील मोठ्या फॉरवर्डांना (गार्ड आणि सेंटर यांच्या मधल्या जागांवरील उंच खेळाडूंना) बास्केटखाली थोपवण्याइतके त्याचे शरीर मोठे नव्हते आणि बाहेरच्या बाजूने खेळणाऱ्या चपळ फॉरवर्डांसोबत आडवे सरकण्याइतके त्याचे पाय जलद नव्हते. म्हणजे निरपेक्षपणे पाहता तो अतिशय सक्षम होता, परंतु ज्या दोन जागांवर तो खेळू शकत होता त्या दोन्ही ठिकाणी तो थोडासा कमी पडत होता. म्हणून ‘हा किती चपळ आहे’ या प्रश्नाऐवजी ‘हा कोणाला अडवणार’ असा प्रश्न विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते. त्याचे उत्तर देताना माप, वेग आणि ताकद यांचा आपोआप एकत्र विचार होतो.

दुसरे कारण आकड्यांचे आहे. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात विल्यम्सने तीन गुणांच्या नेमांपैकी 56.8 टक्के यशस्वी केले होते. असा धिप्पाड खेळाडू इतका नेमबाजही असेल तर त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेणे रास्तच वाटते. परंतु ते एकूण 74 प्रयत्न होते, त्यांपैकी 42 यशस्वी झाले होते, आणि त्या काळात कॉलेजची तीन गुणांची रेषा 20 फूट 9 इंचांवर होती, तर एनबीएची माथ्यावर 23 फूट 9 इंचांवर. इतक्या थोड्या प्रयत्नांवरून आणि तीन फूट जवळून मिळालेल्या यशावरून फार काही सिद्ध होत नव्हते. एनबीएत त्याची नेमबाजी सर्वसाधारण पातळीच्याही खाली राहिली आणि दोन हंगामांनंतर मिनेसोटाने त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवले. शरीर उत्तम दिसले की त्या शरीराला साजेशी कौशल्ये आपण डोळ्यांनी त्यात भरू लागतो, हा निवड करणाऱ्यांचा जुना दोष आहे.

मग कॉलेजमधील खेळातून खरी, खेळात उतरलेली शारीरिक क्षमता ओळखायची कशी? सामन्याच्या साध्या नोंदवहीतच तिच्या काही खुणा असतात. स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे), ब्लॉक (त्याने टाकलेला चेंडू हवेतच अडवणे) आणि आक्रमणातील रिबाउंड (आपल्याच संघाचा हुकलेला चेंडू पकडणे) हे तीन आकडे मी आधी पाहतो. या तिन्हींसाठी समोरच्याच्या आधी हालचाल ओळखावी लागते आणि त्याच्या आधी तेथे पोचावे लागते. केवळ उडी असून भागत नाही आणि केवळ अक्कल असूनही भागत नाही. डेव्हिडसन कॉलेजच्या स्टीफन करीला 2009 मध्ये अनेकांनी किरकोळ शरीराचा नेमबाज म्हणून पाहिले आणि तो सातव्या क्रमांकापर्यंत उरला. परंतु त्या हंगामात तो सामन्यागणिक 28.6 गुणांबरोबर 2.5 स्टीलही करत होता. फ्रेडेटचा त्याच्या सर्वोत्तम हंगामातील स्टीलचा आकडा याच्या जवळपास निम्मा होता. दोघेही कॉलेजमधले अव्वल गुणवीर, दोघेही दुरून नेम साधणारे. पण करीचे हात आणि डोळे किती जलद चालतात याचा पुरावा त्या दुर्लक्षित रकान्यात होता. 2015-16 मध्ये करीने संपूर्ण एनबीएत सर्वाधिक सरासरीने स्टील केले. अर्थात या आकड्यांनाही डोळे झाकून मानू नये. काही कॉलेज संघ माणसाला माणूस न लावता जागा वाटून बचाव करतात आणि त्यात स्टील व ब्लॉक आपसूक वाढतात.

वयाची जोडही द्यायला हवी. बावीस वर्षांचा खेळाडू अठरा वर्षांच्या मुलांना रेटून गुण मिळवत असेल तर ते अंशतः वाढीच्या वर्षांचे श्रेय असते. तेच काम अठरा वर्षांचा मुलगा बावीस वर्षांच्यांविरुद्ध करत असेल तर ती गोष्ट फार वेगळी आहे.

2011 च्या यादीत आणखी दोन नावे आहेत जी एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. मोअरहेड स्टेट या लहान विद्यापीठाचा केनेथ फरीड बाविसाव्या क्रमांकावर डेन्व्हरकडे गेला. उसळी, दम आणि रिबाउंडची हाव यांच्या जोरावर त्याने कॉलेजमध्ये आधुनिक काळातील रिबाउंडचा विक्रम केला होता, आणि एनबीएतही तो पहिल्या काही वर्षांत उत्तम खेळला. पण दूरवरून नेम साधणे त्याला कधी जमले नाही. दरम्यान खेळच बदलला. फॉरवर्डने तीन गुणांच्या रेषेबाहेर उभे राहून बचाव ताणावा अशी अपेक्षा होऊ लागली, आणि 2019 नंतर फरीड एनबीएत दिसला नाही. त्याच्या उलट, अकराव्या क्रमांकावर, म्हणजे फ्रेडेटच्या अगदी पाठोपाठ निवडलेला वॉशिंग्टन स्टेटचा क्ले थॉम्पसन. तो उंच उडणारा नव्हता आणि चेंडू घेऊन समोरच्याला हरवणारा तर मुळीच नव्हता. डिसेंबर 2016 मध्ये इंडियानाविरुद्ध त्याने 29 मिनिटांत 60 गुण केले आणि संपूर्ण सामन्यात त्याने चेंडू फक्त 11 वेळा जमिनीवर आपटला. तो धावत राही, बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या आडून बाहेर येई, चेंडू हाती पडताच सोडून देई. त्यासाठी त्याला 6 फूट 6 इंचांची उंची, तोल आणि दम लागत होता. उडीची गरज नव्हती.

मुंबईकरांनी या विषयाचे एक उदाहरण प्रत्यक्ष पाहिले आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे हंगामपूर्व सामने झाले. किंग्जच्या संघात मार्व्हिन बॅगली होता, ड्यूक विद्यापीठात एकाच वर्षात सरासरी 21 गुण आणि 11 रिबाउंड करून 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेला, विलक्षण उसळीचा. पेसर्सच्या संघात डोमांटास साबोनिस होता, गोन्झागा विद्यापीठाचा, 2016 मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडलेला, उंचीच्या मानाने आखूड हातांचा आणि जमिनीलगत खेळणारा. बॅगलीच्या वाट्याला दुखापतीही आल्या, ही गोष्ट न विसरता सांगायला हवे की फेब्रुवारी 2022 मध्ये किंग्जनी त्याला सोडले आणि त्याच आठवड्यात साबोनिसला आणले. पुढचे सलग तीन हंगाम साबोनिस रिबाउंडच्या सरासरीत लीगमध्ये पहिला राहिला. रुंद कंबर, योग्य जागा आधी पकडणे आणि पास देण्याची दृष्टी यांनी त्याच्या उडीची उणीव भरून काढली. मात्र बास्केटजवळ प्रतिस्पर्ध्याचे नेम अडवण्यात त्याचे आखूड हात आजही उणे पडतात. उणीव भरून काढता येते, ती नाहीशी होत नाही.

यातून वजनाचा काही हिशेब मांडायचा तर मी तो जागेनुसार मांडतो. लहान चणीच्या गार्डच्या बाबतीत पहिले पाऊल, थांबण्याची क्षमता आणि चेंडू सोडण्याची गती यांवर मी फार भर देतो, कारण त्याच्याकडे चुकीला जागाच नसते. बाजूने खेळणाऱ्या उंच नेमबाजाच्या बाबतीत विंगस्पॅन आणि आडवे सरकणे पुरेसे असले की मी बाकीचे सोडून देतो. जो सेंटर फक्त बास्केट राखण्यासाठी आणि वरून आलेला पास डंक करण्यासाठी घ्यायचा आहे, त्याच्या बाबतीत मात्र शरीरालाच जवळजवळ सगळे महत्त्व आहे. आणि केवळ आकार पुरेसा नसतो, हे आपल्याला भारतीय म्हणून थोड्या दुःखानेच मान्य करावे लागते: पंजाबच्या बल्लोके गावचा, 7 फूट 2 इंच उंचीचा सतनाम सिंग 2015 मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि ड्राफ्टमध्ये निवड झालेला पहिला भारतीय ठरला, पण त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही.

काय शिकवता येते आणि काय नाही, हा या हिशेबाचा उरलेला भाग आहे. लेनर्डची कॉलेजमधली दूरची नेमबाजी कच्ची होती. ड्राफ्टच्याच रात्री सॅन अँटोनियोने जॉर्ज हिल हा कसलेला गार्ड देऊन त्याला मिळवले, आणि त्यांचे नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलँड यांनी त्याच्या हाताची ठेवण बदलून घेतली. हात लांब होते, तळवे मोठे होते, मेहनतीची तयारी होती. नेम नंतर आला. हे उदाहरण पुढे करून दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतो की शरीर घ्या, नेम शिकवू. मला हे धोक्याचे वाटते, कारण ज्यांना नेम शिकवता आला नाही अशा लांब हातांच्या मुलांची यादी फार मोठी आहे आणि ती कोणी आठवत नाही. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर कोणाच्या अडथळ्याविना मिळणाऱ्या नेमाची, टक्केवारी चांगली असेल तर मी शिकवण्यावर विश्वास ठेवतो. ती वाईट असेल तर ठेवत नाही.

शरीर कायम तसेच राहत नाही, हेही निवडीच्या दिवशी ध्यानात घ्यावे लागते. थॉम्पसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध जून 2019 मध्ये तुटला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये टाचेमागचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटला. दोन पूर्ण हंगाम तो खेळू शकला नाही. परतल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत वेगवान गार्डला अडवण्याचे त्याचे जुने काम त्याच्याकडून निसटले, पण 2022-23 मध्ये त्याने तीन गुणांचे 301 नेम साधले आणि त्या हंगामात लीगमध्ये कोणीही त्याच्या पुढे नव्हते.

थॉमसने 2016-17 मध्ये बॉस्टनसाठी सरासरी 28.9 गुण केले, म्हणजे फ्रेडेटने कॉलेजमध्ये केले होते नेमके तेवढेच, पण जगातल्या सर्वांत कठीण बचावासमोर. त्याच हंगामात त्याच्या कमरेच्या सांध्याला दुखापत झाली. ऑगस्ट 2017 मध्ये क्लीव्हलँडने 2011 चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू कायरी अर्व्हिंग बॉस्टनला दिला आणि त्या मोबदल्यात आलेल्यांत 2011 चा साठावा खेळाडू थॉमस होता. क्लीव्हलँडकडून तो 15 सामने खेळला. पहिल्या पावलातला तो झटका परत आला नाही, आणि 5 फूट 9 इंचांच्या खेळाडूकडे त्याऐवजी वापरायला दुसरे काही नव्हते. 2021 मध्ये सिअ‍ॅटलच्या उन्हाळी हौशी स्पर्धेत त्याने एका सामन्यात 81 गुण केले, तेव्हा एनबीएच्या कोणत्याही संघाशी त्याचा करार नव्हता.